पुरासाठी कुटुंबाची आपत्कालीन योजना कशी करावी आणि बॅगेत काय ठेवावे?

बॅगेची यादी आपल्याला कोठेही मिळेल. बॅटरी, नेहमीच्या गोळ्या, पिण्याचे पाणी आणि कोरडे खाणे यांत मी नवीन काही सांगणार नाही. आपण जे विचारलेले नाही, तेच माझ्या मते योजनेचे मूळ आहे, ते म्हणजे घर सोडायचे हे कोणी ठरवायचे आणि कोणती खूण दिसल्यावर ठरवायचे. ज्या घरात याचे उत्तर ‘मोठी माणसे सांगतील तेव्हा’ असे असते, त्या घरात बॅग भरलेली असली काय आणि नसली काय, फरक पडत नाही.

आमचे गाव चाळीसगाव तालुक्यात, तितूरच्या काठी आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात पाणी शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तालुक्यातील गुरेढोरे मोठ्या संख्येने दगावली. असे पाणी डोंगराकडून येते, त्यामुळे आपल्या अंगणातला पाऊस पाहून नदीचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. पण आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही जिभाऊ म्हणतो, त्या रात्री ओसरीवर उभे राहून नेमके तेच करत होते. पाणी गढीच्या खालच्या पायरीपुढे कधी आलेले नाही, हे त्यांचे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आईने मात्र मोरी पाहिली. न्हाणीतले पाणी बाहेर जाण्याऐवजी गवताच्या काड्या आणि लाल गाळ घेऊन आत येत होते. तिने कोणालाही न विचारता विळा घेतला आणि गोठ्यात गेली, कारण भिजलेल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही, ती कापावीच लागते. जिभाऊ ओरडत होते की मोकळी गुरे दुसऱ्याच्या कपाशीत शिरतील आणि भरपाई आपल्याला द्यावी लागेल. गुरे खरोखरच कपाशीत शिरली आणि भरपाईही द्यावी लागली. जिभाऊंची म्हैस मात्र त्यांच्या सांगण्यावरून बांधलेलीच राहिली आणि सकाळी खुंट्यापाशीच मेलेली सापडली. तिचा पंचनामा झाला, त्यांना सरकारी मदत मिळाली, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात ते ऐकवतात की वहिनीने दावी कापून घरातून पैसे घालवले, मी मात्र बांधून ठेवून पैसे मिळवले. या हिशेबात दुभती म्हैस कोठे मांडायची, हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही, म्हणून मी येथे विचारतो.

आता आपल्या उपयोगाचे. पाणी कोठून येऊ लागले की निघायचे, ती खूण आजच ठरवा आणि ती दिसताच घरातील कोणीही, सुनेनेसुद्धा, निघण्याचा निर्णय घ्यावा असे सर्वांसमक्ष बोलून ठेवा. जुन्या मातीच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढू नका. भिजलेल्या धाब्याचे वजन वाढते आणि खालून भिंतीचा पाया विरघळत असतो. पाणी ओसरल्यावरही अशा भिंती बसतात, म्हणून लगेच आत झोपायला जाऊ नये. जनावरांच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवा, पंचनाम्याच्या वेळी जनावर ओळखायला ते उपयोगी पडते. सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. परंतु जातवैधता प्रमाणपत्र, शिधापत्रिका आणि मुलांच्या मूळ गुणपत्रिका घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवा. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक फोनमध्ये नव्हे, भिंतीवर वरच्या बाजूला लिहा.

चुकामूक झाली तर सर्वांनी ज्याला निरोप द्यायचा, असा बाहेरगावचा एक नातेवाईक नेमावा. खानदेशात बहुतेक जण त्यासाठी सुरतेचे नाव घेतात, कारण तेथे प्रत्येकाचा कोणीतरी असतो. तापीकाठच्यांनी ते टाळावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला होता, आणि एकाच नदीच्या वरच्या व खालच्या अंगाला राहणारी दोन घरे एकाच वेळी अडचणीत येऊ शकतात. नाशिक किंवा पुण्याचा माणूस निवडलेला बरा.

हे सर्व नदीकाठच्या, गुरे असलेल्या घरासाठी आहे, हे आधीच सांगायला हवे होते. आपण जळगाव-धुळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर आग आणि मे महिन्यातील उष्णता यांचा विचार आधी करावा, त्यात माझे मत फारसे कामाचे नाही. गुरे सोडतानाही एक माणूस त्यांना उंच जागेकडे हाकायला हवा, नाहीतर ती गोठ्याकडेच परत वळतात. त्या रात्री आईच्या मदतीला कोणी गेले असते, तर कपाशीची भरपाईसुद्धा द्यावी लागली नसती, आणि जिभाऊ तेव्हा ओसरीवरच उभे होते.