आयडी बंद, धंदा मंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीत ॲपवरून आलेलं जेवण घरोघरी पोहोचवतो. एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून आयडी, म्हणजे ॲपवरचं माझं कामाचं खातं, बंद झाला. माझं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. आता दाद कुठं मागू?

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे आधी सांगतो. पण कायद्याच्या लेखी तुम्ही कंपनीचे नोकर नाही, म्हणून कामावरून काढण्याचे नियम तुम्हाला लागत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं 'गिग कामगार' (नोकरीत नसलेला, कामागणिक पैसे मिळवणारा) ही ओळख दिली. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगार कल्याणासाठी भरायची, असंही त्यात आहे. आयडी बंद करण्याआधी विचारा, असं मात्र त्यात नाही. इथून राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत गेलात, की कर्नाटकाचा 2025 चा कायदा लागतो : काढण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस. तीच गाडी, तेच काम, फक्त नाक्याचा फरक! महाराष्ट्रानं हा कायदा करायलाच हवा.

तोवर ऑर्डरी, पैसे आणि तक्रारीचे स्क्रीनशॉट जपा, ॲपवर लेखी अपील करा, त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांकडं द्या. ई-श्रम या सरकारी कामगार नोंदणी पोर्टलवर नोंद नसेल तर आजच करा. आणि एकटे जाऊ नका, चार-पाच पोरं मिळून जा.

प्रश्न : सुभाषनगरात आमचं चपलांचं काम. ऑनलाइन 'कोल्हापुरी' शोधलं की रेक्झिनचा माल आधी दिसतो. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही असं का?

उत्तर : 2019 चं मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांतल्या चपलेला आहे. पण जीआय आपोआप कुणाला अडवत नाही, तक्रार करावी लागते. ॲपवर वर काय दिसावं हे जाहिरातीचे पैसे आणि स्वस्ताई ठरवते. कातड्याची कमावणी, हाताची शिलाई तिथं मोजलीच जात नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या प्राडा शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दिसली, तेव्हा लोकांनी आवाज उठवला म्हणून कंपनीनं पारंपरिक भारतीय चपलेवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. रोजच्या बनावट मालाविरुद्ध मात्र कुणी बोलत नाही. तुम्ही जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करा आणि बनावट मालाच्या लिंक काढून चर्मोद्योग महामंडळाकडं एकत्र तक्रार द्या.

प्रश्न : खानावळीला ॲपचं कमिशन परवडत नाही. बंद करू का?

उत्तर : एकदम नको. महिनाभर कमिशन, सवलत, पॅकिंग वजा करून ताटामागं काय उरतं ते वहीत लिहा. जवळच्या गिऱ्हाइकाला डब्यासोबत स्वतःचा नंबर द्या. फोनवर आलेल्या ऑर्डरीचा पैसा गावातच राहतो.