माशांची नवी टाकी, स्मार्ट प्लग: आधी एवढंच कर

भावा, सगळं एकदम ऑटोमॅटिक करायला जाऊ नकोस. पहिला स्मार्ट प्लग (फोनवरून किंवा टायमरनं चालू-बंद होणारा) टाकीच्या दिव्याला लाव. दिवसाला 6 ते 8 तास पुरे, नाहीतर काच शेवाळानं हिरवी होते.

फिल्टर मात्र टायमरवर नकोच, तो 24 तास चालू. पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यातच असतात की! फिल्टर स्मार्ट प्लगवर असेल तर लाईट जाऊन आली की प्लग आपोआप चालू होतो का, हे सेटिंग आधी बघ. मी ते बघायला विसरून दोन दिवस खानापूरला गेलो, आलो तर मासे वर तोंड काढून हवा घेत होते. बॅटरीवरचा एअर पंप तेव्हा घेतला.

- वायर सॉकेटच्या खाली लोंबू दे, थेंब आत जात नाहीत.
- आपल्याकडच्या पावसाळ्यात ऑटो फीडरमधलं खाणं दमट होऊन चिकटतं. हातानंच घाल.

पीएच सेन्सरचं (पाणी किती आम्लधर्मी ते मोजणारा) नंतर बघूया.