नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या पेंटियम ४ ला ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर झेपेल का?

तुमचं मशीन पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) ४७८, मदरबोर्ड ८६५ चिपसेटचा. त्यात ३.० टाकायचाय, आणि मे महिन्यात तो तापेल का, लिक्विड कूलिंग (नळ्यांतून द्रव फिरवून थंड करणं) करावं का, असं विचारलंय. मीही नागपुरातच अशी जुनी डेस्कटॉप जपतो. माझं मत स्पष्ट आहे: जरूर टाका, पण नॉर्थवूड, म्हणजे या प्रोसेसरची आधीची आवृत्ती टाका. नंतरची आवृत्ती प्रेस्कॉट, ती घेऊ नका.

दोघांचं सॉकेट एकच, वेग एकच, बसही (बोर्डाशी माहितीची ये-जा करण्याचा मार्ग) ८०० चीच, त्यामुळे जुना माल विकणारे दोन्ही एकाच डब्यात ठेवतात. प्रोसेसरच्या झाकणावर छापलेली ओळ वाचा. वेगापुढे ५१२/८०० असेल तर नॉर्थवूड, १एम/८०० असेल तर प्रेस्कॉट. प्रेस्कॉट २००४ साली ९० नॅनोमीटरच्या निर्मिती-तंत्रावर आला. कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दुप्पट झाली, पण पाइपलाइन (प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून जाते ती साखळी) २० वरून ३१ टप्प्यांची झाली आणि करंटची गळती वाढली. कागदावर ८२ विरुद्ध ८९ वॉट एवढाच फरक दिसतो, पण प्रेस्कॉट नुसता बसलेला असतानाही गरमच राहतो, आणि वेगात म्हणावा तसा फायदा देत नाही.

लिक्विड कूलिंगवर पैसे घालू नका. हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा) असो की लिक्विड कूलिंगचा रेडिएटर, उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडायची आहे. फुल लोडला प्रोसेसर खोलीपेक्षा २५ अंश वर राहत असेल, तर डिसेंबरात २५ च्या खोलीत तो ५० वर असेल आणि मे अखेरच्या नवतप्यात ४४ च्या खोलीत ६९ वर. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत, हे विसरून चालणार नाही. प्रोसेसर जळत नाही, फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. तुम्हाला मात्र मशीन अडकल्यासारखं वाटतं.

म्हणून खोलीच थंड करा. कूलर लावा, पण त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओल्या ताट्यांतून उडणारे थेंब बोर्डावर वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि पुढे बोर्डावरच्या भागांचे पाय गंजतात. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, तेव्हा मागचा एक्झॉस्ट फॅन चांगला हवा.

आता काढताना घ्यायची काळजी. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट दगडासारखी होते. थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला, तर सॉकेटचा लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा, क्लिपा सोडवा, हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत सैल करा, मगच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवीन लावा. पंखा काढला की हीटसिंकच्या पात्यांच्या वरच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसलेला दिसेल. तो काढल्यानेच बरेच अंश उतरतात.

आणि प्रोसेसर विकत घेण्याआधी सॉकेटशेजारचे कपॅसिटर (प्रोसेसरला स्थिर वीज देणारे छोटे उभे डबे) बघा. एकाचंही डोकं फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल, तर आधी ते बदलून घ्या. वाढीव वॉटचा भार त्यांच्यावरच येणार आहे.