तुर्की टाइल्सवरची ट्युलिप आणि आपला चिंतामणी

प्रश्न: मुलीने इस्तंबूलहून एक टाइल आणलीये, त्यावर लाल ट्युलिप आहेत आणि कडेला तीन गोळे नि खाली दोन वेड्यावाकड्या रेघा. ह्याला काही अर्थ असतो का नुसतं डिझाइन? – एक वाचक, दादर

उत्तर: असतो की! ही इझनिक स्टाइल, इझनिक हे तिथलं गाव, सोळाव्या शतकात त्याची भरभराट होती. ट्युलिपला तुर्कीत 'लाले' म्हणतात, आणि जुन्या अरबी लिपीत लाले लिहायला जी अक्षरं लागतात तीच 'अल्लाह' लिहायला, फक्त क्रम वेगळा, त्या लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो, ते आकडे मिळवले तर दोन्हींची बेरीज ६६ येते, म्हणून मशिदींच्या भिंतींवर ट्युलिपला एवढा मान. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत तर किती प्रकारचे ट्युलिप, बघत बसावं. सरूचं झाड दिसलं तर ते सदाहरित, म्हणून अमरत्वाचं प्रतीक.

आता खरी मजा त्या तीन गोळ्यांची. त्या नक्षीला चक्क 'चिंतामणी' म्हणतात! हो, संस्कृतातला, इच्छा पुरवणारा मणी तोच, बौद्ध परंपरेतून मध्य आशियामार्गे तिकडे पोचला असं मानतात. गोळे म्हणजे बिबट्याचे ठिपके नि रेघा वाघाचे पट्टे असंही सांगतात, म्हणून ही नक्षी ताकदीची, सुलतानांच्या कफ्तानांवरही असायची. चिंचपोकळीच्या चिंतामणीला रांग लावणाऱ्या आपल्याला हे नाव तिकडे भेटावं, भारीच ना?

आणि हो, टाइल किचनमध्ये गॅसमागे लावू नका, प्लीज, तेलकट होईल.