'हालाउ'ला मराठीत घराणं म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: हुला या हवाई बेटांवरच्या पारंपरिक नाचावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'हालाउ' शब्द अडला, 'हवाई नृत्यशाळा' लिहिलं तर चालेल का की सरळ 'घराणं' म्हणावं, आणि हुला हूपचा याच्याशी काही संबंध आहे का.

आधी ते 'हवाई' काढा ताई. आपल्याकडे हवाई दल, हवाई सुंदरी, हवाई वाहतूक, त्यामुळे 'हवाई नृत्य' वाचलं की दोरीला लटकून कोणीतरी नाचतंय असंच वाटतं. 'हवाई बेटांवरचा हुला' लिहा, प्रश्न मिटला.

आता हालाउ. मूळ अर्थ लांबलचक छपराची जागा, होड्या ठेवायची किंवा लोकांनी जमायची. तिथे बसून शिकणाऱ्यांच्या शाळेलाही मग तेच नाव पडलं. म्हणजे घरावरून घराणं झालं तसाच प्रकार, म्हणून तुम्हाला घराणं सुचलं ते साहजिक आहे, पण तिथेच गोची होते. ग्वाल्हेर घराण्याचा गायक मिरजेत असतो तसा टोरांटोतही असतो आणि दोघांची आयुष्यात भेटही झालेली नसते. हालाउ म्हणजे एका 'कुमू'भोवती (म्हणजे शिकवणाऱ्याभोवती) आज जमलेली मंडळी. शिष्य तयार होऊन स्वतः कुमू झाले की बरेचदा आपापला हालाउ काढतात. कोण कोणाकडून शिकलं ही जी साखळी, तिला 'मोओकूआउहाउ' म्हणजे वंशावळ म्हणतात, घराणं हा शब्द वापरायचाच तर तिथे वापरा. यातला 'मोओ' म्हणजे पाल-सरडा, आणि एकामागून एक लागलेली रांगही. नातवंडाला 'मोओपुना' म्हणतात त्यातही तोच मोओ आहे!

मला विचाराल तर हालाउला आपला सगळ्यात जवळचा शब्द 'फड'. तमाशाचा फड मालकाच्या नावाने चालतो, वारकऱ्यांचे फडही माणसांच्या नावाने ओळखले जातात, आणि हवाई बेटांवरच्या हिलो गावात दरवर्षी मेरी मोनार्क हा हुलाचा महोत्सव भरतो तिथे हालाउबरोबर कुमूचं नाव येतंच. अडचण एवढीच की फड म्हटलं की मराठी माणसाला ढोलकी ऐकू येते नाहीतर ऊस दिसतो. म्हणून मी तरी 'हालाउ'च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे एका कुमूचा फड' असं सांगून टाकीन. 'कुमू'लाही लगेच गुरू करू नका, त्याचा अर्थ झाडाचं खोड, पाया, उगम असाही होतो आणि शिकवणाऱ्याला खोड म्हणणं मला फार आवडलंय.

'नृत्यशाळा' मात्र अजिबात नको. हुला नुसता नाच नाहीच, तो 'मेले'वर म्हणजे गायच्या-म्हणायच्या काव्यावर चालतो, हात त्यातले शब्द बोलतात, मेले काढून घेतलं तर मागे नुसती कंबर उरते. त्यामुळे हुला शिकवणं म्हणजे भाषाही शिकवणं. १८३० मध्ये मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली, १८८३ ला राजा कालाकाउआने स्वतःच्या राज्याभिषेकात तो पुन्हा सगळ्यांसमोर आणला, मग दहा वर्षांत राजवटच उलथली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचं झालं. घरात आजी हवाईयन बोलणारी नि नातवंडं इंग्रजी, अशा दिवसांत जुने शब्द टिकले त्यातले कितीतरी 'मेले'मध्ये टिकले, कारण ती पाठ असायची. आणि पाठ करण्याला त्यांचा शब्द काय, तर 'होओपाआनाआउ'. पाआ म्हणजे पक्कं, नाआउ म्हणजे आतडी. आपण तोंडपाठ करतो, ते आतड्यापाठ करतात.

लेखात पुढे 'ऊनिकी' येईल, शिक्षण पुरं झाल्यावरचा विधी, त्याला गंडाबंधन लिहू नका, गंडा सुरुवातीला बांधतात. भरतनाट्यमवाल्यांचं अरंगेत्रम (शिकून झाल्यावरचा पहिला जाहीर कार्यक्रम) त्यातल्या त्यात जवळचं.

हुला हूप म्हणाल तर ती १९५८ मध्ये व्हॅम-ओ नावाच्या अमेरिकन कंपनीने बाजारात आणलेली प्लास्टिकची रिंग. कंबर हलते एवढंच नातं, हालाउत ती कोणी फिरवत नाही.