पहिली ते चौथी एकाच वर्गात मिळालीये? घाबरू नका

मॅडम, दोन शिक्षकी शाळा मिळाली, आधी अभिनंदन! ही शिक्षा नाही हो, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) हिशोबाने पाचवीपर्यंत ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर हेच चालतं. सुरुवातीला एवढंच बघा:

१. इयत्तेप्रमाणे रांगा लावू नका. रांगा लावल्या की चार वर्ग चालवायचे आणि घसा बसवून घ्यायचा. मोठी-लहान मिसळून बसवा.

२. साहित्य पहिल्याच दिवशी सगळं मांडू नका. चिंचोके, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, अक्षरकार्ड एवढं पुरे, पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी आणि पोराने वापरून तिथंच ठेवायचं. ही सवय लागायला वेळ जातो, जाऊद्या.

३. मूल चुकलं की लगेच हात घालू नका, हे सगळ्यात अवघड. दुसरीतली पोरगी ३४ साठी तीन गठ्ठे आणि पाच काड्या मांडते, आपली जीभ शिवशिवते, पण थांबा, ती परत मोजते, नाहीतर शेजारचा तिसरीवाला "अगं एक जास्त झाली" म्हणतोच.

त्या तिसरीवाल्याला मात्र मॉनिटर करू नका, तो छडी शोधायला लागतो (खरंच!). आणि मुलांच्या कलाने शिकवणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, दोन-तीन कामं तुम्ही ठरवा, त्यातलं एक त्यांना निवडू द्या.

नोंदी, शिडी (सोप्याकडून अवघडाकडे नेणाऱ्या पायऱ्यांचा तक्ता), गटकार्ड (कोणत्या गटात बसायचं ते सांगणारी कार्डं) वगैरे दिवाळीनंतर बघू. आत्ता फक्त एक वही ठेवा, कोण कशात रमलं ते दोन शब्दात लिहा.