वाचकांचे प्रश्न : आधी त्यांचा दिवस विचार

प्रश्न : मी मुंबईत बी.ओ.टीएच.ची (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीच्या उपचारांची पदवी) इंटर्न आहे. सध्या बालविभागात पोस्टिंग आहे. माझ्याकडे ३ वर्षांचा सी.पी.चा (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत अडचण) मुलगा येतो. पाय ताठ आहेत, उभं धरलं की एकमेकांवर चढतात. त्याच्या आईला मी होम प्रोग्रॅम लिहून दिला, सकाळ-संध्याकाळ २० मिनिटं. ती दर वेळी मान डोलावते, पण पुढच्या वेळी काहीच केलेलं नसतं. सिनियर म्हणाल्या, ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं केस पेपरवर लिहून टाक. मन होत नाही. काय करू?

उत्तर : लिहू नकोस. ते शब्द एकदा केस पेपरवर चढले की पुढचा प्रत्येक डॉक्टर आणि प्रत्येक विद्यार्थी त्या आईकडे त्याच नजरेनं बघतो, आणि ते शब्द खोडायला कुणी येत नाही.

‘व्यायाम का नाही केले?’ हेही विचारू नकोस. ‘वेळ मिळाला नाही’ यापलीकडे तिच्याकडे त्याचं उत्तर नसतं. कागद-पेन बाजूला ठेव, तिच्या शेजारी बस आणि म्हण, ‘ताई, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात काय काय होतं, ते सांगा.’ आणि मधे बोलू नकोस.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून एक आई आमच्या विभागात यायची. तिचा मुलगाही जवळपास असाच होता. तिनं सांगितलेला दिवस मला अजून आठवतो. पहाटे पाणी येतं, ते भरायचं. नवरा रात्रपाळी करून सकाळी येतो आणि त्याच एका खोलीत दुपारपर्यंत झोपतो, म्हणून मुलानं रडता कामा नये. पाय ताणले की मूल रडतं आणि सासूबाई म्हणतात, ‘कशाला छळतेस लेकराला?’ त्या दिवसात सतरंजी अंथरून २० मिनिटं बसायला जागाच नव्हती. मूल मात्र त्या दिवसात सगळीकडे होतं. ती त्याला उचलत होती, अंघोळ घालत होती, भरवत होती, चड्डी घालत होती. आपल्याला काम करायचं ते इथे.

ती त्याला दोन्ही पाय जुळवून आडवं उचलायची. तिला कडेवर घ्यायला सांगितलं, नीट कडेवर : एक पाय तिच्या पोटाकडे, एक पाठीकडे. पाणी आणायला जाताना, दुकानात उभं असताना मांड्या उघड्या राहतात, मूलही रडत नाही, कारण त्याला आईच्या खांद्यावरून गल्ली बघायला मिळते. चड्डी घालताना घोटे धरून ओढायचे नाहीत. आधी गुडघे दुमडायचे, मग गुडघ्यांपाशी हात ठेवून मांड्या सावकाश बाजूला करायच्या. बसवायचं खोलीच्या कोपऱ्यात. दोन्ही बाजूंच्या भिंती खांद्यांना पुढे आणतात, हात समोर येतात, वाटी दिसते. त्यासाठी वेगळी खुर्ची लागत नाही.

भरवण्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण विद्यार्थी इथे फार घाई करतात. आपल्याकडे मांडीवर आडवं घेऊन, मान मागे करून भरवायची सवय आहे. ते चूक आहे हे आईला सांगण्याआधी तू स्वतः मान पूर्ण मागे टाक आणि नुसती लाळ गिळून बघ. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला मी हे करायला लावते. वर्गात एकदम शांतता होते, आणि मग कुणाला पाठ करून सांगावं लागत नाही की मुलाला सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, चमचा समोरून आणि खालून आणायचा. मात्र मूल खाताना वारंवार खोकत असेल, खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा छातीत सारखा कफ होत असेल, तर हे प्रयोग थांबव आणि आधी डॉक्टरांना आणि गिळण्याच्या तपासणीतल्या जाणकारांना दाखव.

आता तिला एक प्रश्न विचार : ‘तुम्हाला सगळ्यात आधी काय जमायला हवंय?’ कॅनडातल्या थेरपिस्टांनी १९९१ मध्ये यासाठी एक मोजमाप छापलं, तू ते सी.ओ.पी.एम. या नावानं शिकली असशील. कुठलं काम किती महत्त्वाचं, आज ते किती जमतं, त्यावर समाधान किती, हे सगळं १० पैकी विचारायचं. फॉर्म इंग्रजीत असला तरी प्रश्न तिच्या भाषेत विचारता येतात. मी सांगितलेल्या त्या आईकडून आमच्या विद्यार्थिनीला ‘चालायला हवं’ हे उत्तर अपेक्षित होतं. आई म्हणाली, ‘मी भाकऱ्या थापेपर्यंत एकटा बसायला हवा.’ पुढचे दोन महिने आम्ही तेच काम केलं, आणि तिनं एकही वेळ चुकवली नाही.

सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत बोलाव. पाय कसा हलवायचा ते त्यांच्या हातांना शिकव, आईकरवी निरोप पाठवू नकोस. त्यांनी दहा पोरांना मालीश केलेली असते, त्यांचे हात तुझ्यापेक्षा सरावलेले असतात.

केस पेपरवर लिही : घरातली अडचण अमुक, आईची निकड अमुक, दिनक्रमात बसवलेले बदल अमुक. आणि सिनियरना तोच कागद दाखव. बहुतेक सिनियर असा कागद बघून नाही म्हणत नाहीत, त्यांनाही तो दिवस कुणी सांगितलेला नसतो.

प्रश्न : माझी मुलगी ६ वर्षांची आहे, ऑटिझम आहे. आम्ही बदलापूरहून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात थेरपीसाठी येतो. दर थोड्या दिवसांनी नवीन विद्यार्थी येतो, पुन्हा तीच हिस्ट्री विचारतो. मुलगी नव्या माणसाला बघून रडते. विद्यार्थ्यांना नको म्हटलं तर चालेल का? की उपचार बंद करतील?

उत्तर : चालेल. विद्यार्थ्यानं तुमच्या मुलीला हात लावण्याआधी तुमची परवानगी घ्यायलाच हवी, आणि तुम्ही नकार दिलात म्हणून उपचार थांबता कामा नयेत. तसं कुणी सुचवलं तर थेट विभागप्रमुखांकडे जा.

तरीही तुम्हाला एक विनंती करते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायला या व्यवसायाच्या जागतिक महासंघाच्या निकषांनुसार किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि ते तुमच्या मुलीसारख्या मुलांसोबतच शिकता येतं. पुस्तकातली मुलं रडत नाहीत. तेव्हा पूर्ण नकार देण्याआधी अटी घाला. जुन्या आणि नव्या विद्यार्थ्यानं निदान एक सत्र एकत्र घ्यावं. नव्यानं पहिल्या दिवशी नुसतं बाजूला बसावं, मुलीनं वळून बघेपर्यंत तिच्याशी बोलूही नये. हिस्ट्री फाइलमधून वाचून यावी आणि तुम्हाला फक्त ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं?’ एवढंच विचारावं. यातली एकही अट जास्तीची नाही. हे बघणं आम्हा शिक्षकांचं काम आहे, आणि ते होत नसेल तर दोष आमच्याकडे येतो, विद्यार्थ्याकडे नाही.

आणि एक पान लिहून ठेवा, मराठीतच. तिला काय आवडतं (झोका, पाण्याचा नळ, जे असेल ते), कशाची भीती वाटते (मिक्सर, कुकरची शिट्टी, डोक्याला हात), ‘नको’ ती कसं सांगते, रडली तर कशानं शांत होते. शेवटी एक ओळ : ‘सध्या आम्हाला तिच्याकडून अमुक जमवून घ्यायचं आहे.’ ते पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावायला सांगा. असं पान वाचून आलेला विद्यार्थी दारातूनच वेगळा वागतो, हे मी बघितलंय. त्यात निदान लिहायची गरज नाही, ते फाइलमध्ये पुरेसं असतं.

प्रश्न : मी फलटणचा. बारावी सायन्स, यंदा नीट देणार आहे. लहान मुलांसोबत काम करायला आवडेल. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे फिजिओथेरपीच ना? आणि यात मुलगे जातात का?

उत्तर : जातात, आणि अजून जायला हवेत. थेरपीला मुलाला घेऊन आलेला बाप आमच्या विभागात बऱ्याचदा भिंतीला टेकून उभा राहतो. थेरपी देणारा विद्यार्थी मुलगा असेल तर तो बाप लवकर खाली बसतो, असा माझा अनुभव आहे.

फिजिओथेरपी नव्हे. दोघांचे मार्ग बरेच ठिकाणी मिळतात, पण आमचा प्रश्न वेगळा असतो : या मुलाला स्वतः जेवता येतं का, दप्तर भरता येतं का, बटण लावता येतं का, मधल्या सुट्टीत खेळता येतं का, आणि येत नसेल तर शरीर, काम आणि जागा यांपैकी काय बदलायचं?

तुझ्या गावाशी या विषयाचं नातं आहे. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाला ज्यांचं नाव आहे, त्या कमलाबाई जन्मानं अमेरिकन. लग्न करून इथल्या झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं.

राज्यात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. परीक्षा झाली की निकालाची वाट बघत बसू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी) उभारली जातात. तुझ्या जवळ असं केंद्र कुठे आहे ते चौकशी करून शोध, परवानगी माग आणि एक सकाळ तिथल्या प्रतीक्षेच्या बाकावर पालकांमध्ये बस. थेरपीच्या खोलीत नंतर जा.